ठाकुरजींशी भांडायला आलेल्या सरोजजी

सुधा गेल्यानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की आपल्या मुलीला आंघोळ कशी घालायची हे मला माहीत नाही. मनू आमची एकुलती एक. वयानं पस्तिशीची, अंगानं माझ्यापेक्षा थोराड, आणि समज लहान पोरीची. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं. डावा हात नीट चालत नाही, बोलणं दोन-दोन शब्दांचं. पण बाईच्या शरीराचं सगळं वेळच्या वेळी तिच्या वाट्याला आलं, आणि ते सगळं सुधानं सांभाळलं. मनू वयात आल्यापासून तिच्या आंघोळीच्या वेळी मी त्या बाजूला फिरकत नसे, आणि तेच योग्य होतं. आता मी हातात टॉवेल घेऊन बाथरूमच्या दाराबाहेर उभा होतो, आणि आत मनू कपड्यांसकट फरशीवर बसून ओरडत होती, "आई घालेल. आई घालेल."

आम्ही मूळचे सांगलीचे. मी विम्याच्या ऑफिसात अधिकारी होतो. बदलीवर जयपूरला आलो तेव्हा मनू लहान होती. इथे तिच्यासारख्या मुलांची एक चांगली शाळा मिळाली, म्हणून मी पुढची बढती नाकारली आणि इथेच राहिलो. निवृत्तीनंतर दुर्गापुऱ्यात घर केलं. शाळा होती तोवर आमच्या दिवसाला काही आकार होता. मनू अठरा वर्षांची झाली तसा शाळेनं निरोप दिला. त्यांचा नियमच तसा होता. निरोपाच्या दिवशी मनूला हार घातला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती दप्तर घेऊन फाटकापाशी जाऊन उभी राहिली. आता बस येणार नाही, हे तिला समजायला बरेच महिने गेले. लहानांसाठी शाळा असतात, व्यायाम शिकवणारे असतात, कौतुक करणारे असतात. हीच मुलं मोठी होतात, त्यांचे केस पिकू लागतात, त्यांच्या आईबापांचे गुडघे कुरकुरू लागतात, याचा विचार मात्र फारसा कुणी केलेला नसतो. शाळेनंतरच्या त्या सगळ्या वर्षांत मनूची शाळा, तिची मैत्रीण, तिचा सगळा दिवस म्हणजे सुधा.

सांगलीची म्हणजे आम्ही गणपतीची माणसं. पण जयपूरला आल्यावर सुधाचं मन गोविंददेवजींवर, इथल्या लोकांच्या ठाकुरजींवर, जडलं. एकादशीला ती मनूला घेऊन जुन्या शहरातल्या मंदिरात जायची. तिथे दिवसातून अनेकदा ठरावीक वेळी देवापुढचा पडदा उघडतो, त्या दर्शनाला झांकी म्हणतात. पडदा सरकला की सगळा मंडप एका आवाजात "राधे राधे" म्हणून उसळतो. मनूला तो क्षण फार आवडायचा. मी मात्र क्वचितच जात असे. मी नास्तिक नव्हतो. घरची पूजा करायचो, सणवार पाळायचो. पण मनूच्या बाबतीत देवाकडे मागण्यासारखं जे होतं ते तिच्या लहानपणीच मागून झालं होतं. त्यानंतर देवात आणि माझ्यात बोलणं उरलं नव्हतं. राग नव्हता, ओळखीच्या माणसाकडे जाणं-येणं हळूहळू बंद व्हावं, तसं काहीसं झालं होतं.

सुधाचं दुखणं फार लवकर पुढे गेलं. पोटात दुखतंय म्हणाली, आधी आम्ही पित्तावर ढकललं, मग तपासण्या झाल्या आणि कॅन्सर निघाला. पावसाळ्यात कळलं आणि थंडी पडायच्या आत ती गेली. शेवटी शेवटी तिला बोलवतही नव्हतं. मनूचा हात हातात घेऊन ती नुसती तिच्याकडे बघत राहायची, आणि मनूला वाटायचं, आईला झोप आली आहे.

मनूला काय सांगायचं, हा प्रश्न होता. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, सांगा, आई देवाघरी गेली. मी तसंच सांगितलं. मनूला देवाचं घर एकच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालून दाराशी उभी. "चल बाबा. गोविंद. आई." मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. ती विसरली नाही. रोज सकाळी चपला, रोज तेच शब्द. मी काहीबाही सांगून तिला आत आणायचो. त्या मंदिरात सुधाशिवाय उभं राहायची माझी छाती नव्हती, आणि तिथे आई भेटली नाही तर मनूचं काय होईल, याची भीती त्याहून मोठी होती.

घरातलं बाकीचं मी शिकलो. पोहे, खिचडी, मनूचे केस विंचरणं, सगळं. आंघोळीचं मात्र काही केल्या जमेना. ओल्या पंच्यानं हातपाय पुसायचे, चेहरा धुवायचा, एवढ्यावर किती दिवस काढणार? शेजारच्या मिश्राभाभी प्रेमळ. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी मनू त्यांच्या हाताला चावली. एजन्सीतून एक बाई लावली, ती चार दिवसांत गेली. दुसरी आली, ती मनूशी मोठ्या आवाजात बोलायची, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. मनू कानांवर हात ठेवून भिंतीला चिकटून राहायची. तीही गेली. दर महिन्याचे ते दिवस आले की मला धडकी भरायची. दाराबाहेरून कपडे आत सरकवायचे, काय करायचं ते सांगायचं, आणि मान दुसरीकडे करून उभं राहायचं. पोटच्या पोरीसमोर इतकं परकं कधी वाटलं नव्हतं. तिलाही लाज वाटायची. तिला समजत नाही असं लोक म्हणतात, पण लाज तिला समजत होती.

माझा धाकटा भाऊ शरद पुण्याला असतो. त्याचा फोन यायचा. "दादा, तू किती दिवस असं ओढणार? तुझं वय बघ. इथे एक निवासी संस्था आहे. बायका आहेत बघायला, डॉक्टर आहेत. मी स्वतः जाऊन आलोय." तो वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. मी हो म्हणालो. आमची दोघांची पुण्याची तिकिटं काढली. मनूला सोडून मी एकटा परत येणार होतो. तिचे कपडे बॅगेत भरायला घेतले, तेव्हा ती खूश झाली. तिला वाटलं, अखेर आपण आईकडे निघालो.

त्या खुशीनं माझं मन मोडलं. इथून जायच्या आधी एकदा तरी तिला गोविंददेवजींकडे न्यायला हवं, असं वाटलं. त्यात भक्ती कमी होती. निदान तिची ती रोजची हाक एकदा पुरी करावी, मग जे व्हायचं ते होवो, एवढंच. एकादशी होती. सकाळी रिक्षा केली. मनू सगळ्या वाटेत माझा दंड धरून बसली होती आणि पुटपुटत होती, "आई, आई."

मंदिरात खूप गर्दी होती. अशा दिवशी बायकांची आणि पुरुषांची बाजू वेगळी करतात. मनूला एकटीला बायकांत कसं सोडायचं म्हणून मी कठड्याला लागून उभा राहिलो आणि पलीकडे अगदी माझ्याजवळ तिला उभं केलं. पडदा अजून बंद होता. बायका गात होत्या. मनू देवाकडे बघतच नव्हती. ती वळून वळून एकेका बाईचा चेहरा बघत होती. एक, मग दुसरी, मग मागची. जिचा चेहरा बघून होई तिला सोडून पुढची. ती आईला शोधत होती, आणि मी कठड्याच्या अलीकडून ते बघत होतो. माझ्या आयुष्यात मी बरंच काही सोसलं आहे, पण त्या काही क्षणांसारखं दुसरं काही आठवत नाही.

पडदा उघडला. सगळे हात वर गेले. त्या गजरात मनू मोठ्यानं रडायला लागली, आणि तेवढ्यात माझं लक्ष तिच्या कपड्यांकडे गेलं. फिकट रंगाच्या सलवारीवर मागे रक्ताचा डाग पसरत होता. दिवस आले होते, आणि निघायच्या गडबडीत माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मधे कठडा, आजूबाजूला माणसंच माणसं, आणि ते देऊळ. मनूच्या मागच्या दोघी-तिघी झटकन मागे सरल्या. एक वयस्कर बाई म्हणाली, "अरे, इसे मंदिर में कौन लाया?" मी मनातल्या मनात म्हणालो, आता बास. देवा, आता माझ्याच्यानं होत नाही. प्रार्थना म्हणतात ती हीच असेल, तर इतक्या वर्षांत मी केलेली ती पहिली प्रार्थना.

मागच्या बायकांतून एक जण पुढे आली. पन्नाशीच्या पुढची, राजस्थानी लुगडं, त्यावर मोठी ओढणी. तिनं ती ओढणी अंगावरून काढली आणि मनूच्या कमरेभोवती गुंडाळली, आपल्याच मुलीचा पदर नीट करावा इतक्या सहज. त्या वयस्कर बाईला ती एवढंच म्हणाली, "ठाकुरजी ने बुलाया है, माँजी।" मग मनूच्या पाठीवर हात ठेवून ती तिच्या कानाशी काहीतरी बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मनूचं रडणं थांबलं नाही, पण ती तिच्याबरोबर चालायला लागली. मिश्राभाभींना चावणारी मनू, एका अनोळखी बाईबरोबर!

मी गर्दीतून वाट काढत बाहेर पोहोचलो, तेव्हा त्या दोघी बागेच्या बाजूला माझी वाट बघत उभ्या होत्या. "भाईसाहब, माझं घर इथेच ब्रह्मपुरीत आहे," ती हिंदीत म्हणाली. "हिला असं लांब नेऊ नका. माझ्याकडे गरम पाणी आहे, कपडे आहेत. चला." मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. ई-रिक्षात ती मनूशेजारी बसली, मी पुढे चालकाच्या बाजूला.

घर लहान पण नीटनेटकं होतं. तिचे यजमान दारात आले. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात त्यांचं छोटं वर्कशॉप होतं, आज ते घरीच होते. बायकोनं एक अनोळखी म्हातारा आणि ही रडणारी मुलगी घरात आणलेली बघून त्यांना काही नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि पाणी दिलं. आतून बादली सरकवल्याचा आवाज आला. मी खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसलो. आता ओरडणं सुरू होईल, आता होईल. पाणी पडू लागलं. तांब्या तांब्यानं, सावकाश. ती बाई काहीतरी गुणगुणत होती. मधेच मनूचा आवाज आला, "पाय." मग पुन्हा पाणी. ओरडणं काही आलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि समोर बसलेले ते सद्गृहस्थ भिंतीकडे बघत होते, मला रडू देत होते. भिंतीवर एका माणसाचा फोटो होता. केस पांढरे, हसू लहान मुलाचं. फोटोला हार होता.

मनू बाहेर आली ती स्वच्छ, ओले केस पाठीवर सोडलेले, अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी सैल कुर्ता. कित्येक आठवड्यांनी तिला साबणाचा वास येत होता. ती येऊन माझ्याजवळ बसली आणि बिस्किट खाऊ लागली.

"तुम्ही हे कसं केलंत?" मी विचारलं.

"काहीच केलं नाही," ती म्हणाली. "पाणी दाखवलं, विचारलं, आधी कुठे घालू? तिनं पाय दाखवला. मग पायापासून सुरुवात केली." मग फोटोकडे हात करून म्हणाली, "हा माझा भाऊ, गोपाल. तोही असाच होता. आईबाप गेल्यावर मी त्याला सासरी घेऊन आले. ह्यांनी कधी नाही म्हटलं नाही. सगळा जन्म मी त्याला न्हाऊ घातलं, भरवलं. गेल्या थंडीत न्यूमोनिया झाला आणि गेला." तिनं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे-सुलटे करून पाहिले. "तो गेल्यापासून मी मंदिरात पाऊल ठेवलं नव्हतं. आज गेले ती दर्शनाला नाही. मैं तो लड़ने गई थी ठाकुरजी से. त्यांना विचारायला गेले होते, की हे हात मी आता कशाला ठेवू? सकाळ होते, पाणी तापवायला उठते, आणि मग आठवतं, कुणासाठी तापवतेय. पडदा उघडला आणि मी भांडायला तोंड उघडणार, तर ही समोर रडत उभी."

ती बाई म्हणजे सरोजजी. मी हे जसं घडलं तसं सांगतो आहे. याला योगायोग म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. एकादशीच्या गर्दीत कोण कुणाच्या मागे उभं राहील याला काही नियम नाही. मला एवढंच माहीत आहे, की त्या दिवशी एकाच पडद्यासमोर दोन माणसं आपापल्या परीनं हात टेकून उभी होती, आणि दोघांच्या मधे मनू होती.

पुण्याची तिकिटं काढली आहेत, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्या निर्णयाला बरंवाईट काही म्हटलं नाही. "जायचं तेव्हा जा," म्हणाल्या, "तोवर सकाळी मी येत जाईन." दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या, ब्रह्मपुरीहून दोन बस बदलून. तिसऱ्या दिवशीही आल्या. जायचा दिवस जवळ आला तसा मी तिकिटं रद्द केली. शरदला फोन केला तर तो चिडला. "दादा, कोण कुठली बाई, तिच्या भरवशावर तू मनूला ठेवणार? उद्या ती यायची बंद झाली तर?" "तेव्हाचं तेव्हा बघू," एवढंच म्हणालो, आणि सगळ्या जन्मात इतकं बेहिशेबी वाक्य मी कधी बोललो नव्हतो.

पुढे सरोजजींनीच आम्हाला आमेर रस्त्यावरच्या एका घरी नेलं. चार-पाच कुटुंबांनी मिळून आपल्या मोठ्या वयाच्या मुलांसाठी तिथे दिवसभराचं एक केंद्र काढलं आहे. दोन खोल्या, अंगण, सांभाळणाऱ्या दोघी. तिथे कुणी मसाले पाकिटात भरतं, कुणी फुलांच्या माळा करतं, कुणी नुसतं बसतं. संध्याकाळी जो तो आपापल्या घरी. गोपालही तिथेच जायचा. खोलीत जास्तीची जागा नव्हती; मनूला घेता आलं ते गोपालची जागा रिकामी होती म्हणून. मनू त्याच्या खुर्चीत बसायला गेली, तसा महेश नावाचा एक पोक्त माणूस दोन्ही हात पसरून आडवा आला. "ये गोपाल की है।" कुणी समजावलं तरी हलेना. त्याच्या मित्राची खुर्ची होती ती. तो रोज तिच्याकडे बघत बसायचा, असं नंतर कळलं. सरोजजी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "गोपाल ने ही दी है, महेश." महेशनं खूप वेळ विचार केला. मग बाजूला झाला आणि मनूला खुर्ची ओढून दिली. सरोजजी बाहेर अंगणात गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या. मी त्यांच्याजवळ गेलो नाही. माझ्या मुलीला मिळालेला आधार त्यांच्या घरातल्या मरणातून आला होता. देवाचे आभार मानायला बसलो की गोपालचा तो हसरा फोटो समोर येतो आणि माझे आभार अर्धेच राहतात.

मनू सकाळी चपला घालून उभी राहायची, ती आता केंद्रात जायला. आईचं विचारणं कमी होत होत एक दिवस बंद झालं. मी त्याची वाट बघत होतो असं मला वाटायचं. पण ते थांबलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं नाही. ती विचारत होती तोवर सुधा कुठेतरी गेलेली होती, यायची बाकी होती. विचारणं थांबलं त्या दिवशी ती आमच्या घरातून खरी गेली. त्या दिवशी मी जेवलो नाही.

सरोजजी वर्षभर येत राहिल्या. या वर्षभरात त्यांनी एक गोष्ट केली, ती माझ्या उशिरा लक्षात आली. आधी त्या मनूला आंघोळ घालत. मग तांब्या मनूच्या उजव्या हातात देऊन तिचा हात धरू लागल्या. मग हात सोडला. मग स्टूलवर नुसत्या बसून राहू लागल्या, आणि पुढे पुढे तर दाराबाहेर उभ्या राहून "अब साबुन, अब पानी" एवढंच म्हणू लागल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "भाईसाहब, गोपालचं मी सगळं केलं, त्याला काही करू दिलं नाही. माझं प्रेमच तसं होतं. हिच्या वेळी थोडं वेगळं करून बघते."

मग त्यांच्या बिकानेरच्या मुलीला दिवस गेले. अवघड होतं, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. सरोजजींना तिथे जाऊन राहणं भाग होतं, आणि किती दिवस ते सांगता येत नव्हतं. त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी "जायलाच हवं" असं तोंडानं म्हणालो आणि आतून पार कोसळलो. शरदचे शब्द कानात घुमू लागले. मी त्यांना थांबवायच्या युक्त्या शोधू लागलो. बिकानेरला मुलीची सासू नाही का, नर्स मिळणार नाही का. एकादशीला मनूला घेऊन मंदिरात गेलो आणि पडदा उघडल्यावरही माझ्या डोक्यात त्याच युक्त्या चालू होत्या. मग एकदम वाटलं, हे मी कुणासमोर उभा राहून करतो आहे? या बाई मी कुठून शोधून आणल्या होत्या का? ज्या दिवशी त्या आल्या त्या दिवशी माझ्या हातात काहीच नव्हतं. आता हातात आहेत असं वाटतं म्हणून मी मूठ आवळून बसलो होतो. मला रडू आलं. मी म्हणालो, तू बघ. माझ्यानं मूठ सुटत नाहीये, पण तू बघ. घरी येऊन सरोजजींना फोन केला आणि सांगितलं, खुशाल जा, मुलीची काळजी घ्या. या वेळी ते खरं होतं.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी काढून ठेवलं, कपडे खुंटीला लावले आणि स्वयंपाकघरात येऊन उभा राहिलो. मनू टॉवेल घेऊन आत गेली. दार लागलं. मी गॅस पेटवला, बंद केला, पुन्हा पेटवला. आतून एकदा तांब्या पडल्याचा आवाज आला आणि मी दोन पावलं पुढे गेलो, मग थांबलो. तिनं तांब्या उचलला असावा. बऱ्याच वेळानं दार उघडलं. कुर्ता उलटा, केसांतून पाणी निथळतंय, कानामागे साबणाचा फेस तसाच. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "झालं."

मी कुर्ता सुलटा केला नाही. कानामागचा फेस तेवढा पुसला. ती पोहे खायला बसली आणि मी तिच्याकडे पाठ करून ओट्याला टेकून उभा राहिलो, कारण हे जिनं बघायला हवं होतं ती घरात नव्हती. इतकी वर्षं जिनं हे शरीर धुतलं, पुसलं, जपलं, तिला हे कधीच कळलं नाही, की आपली मनू हे करू शकते. मी आजवर या एका गोष्टीपाशी येऊन अडतो. देवानं दिलं ते उशिरा दिलं, असं म्हणायला जीभ उचलते, पण सरोजजींकडे बघतो आणि गप्प बसतो. त्यांना नातू झाला. तो महिन्याचा झाल्यावर परत आल्या, तेव्हा मनूला एकटीनं आंघोळ आटपून येताना बघून दारातच थबकल्या, म्हणाल्या, "अब मेरा क्या काम?" मनूनं त्यांना हाताला धरून आत नेलं, कंगवा दिला आणि पाठ करून बसली.

मी गेल्यावर मनूचं काय, हा प्रश्न सुटलेला नाही. माझं हृदय आता फार भरवशाचं राहिलेलं नाही, आणि केंद्र चालवणारेही माझ्यासारखेच थकत चालले आहेत. आमच्यात कुणी एकानं आजारपण काढलं की बाकीचे लगेच एकमेकांना फोन करतात. आम्ही एकमेकांच्या मुलांना अधूनमधून आपापल्या घरी राहायला नेतो, म्हणजे कुणाचंच घर कुणाला परकं राहू नये. आमच्याच्यानं होतं ते एवढंच. बाकीचं रोज सकाळी देवासमोर ठेवतो आणि म्हणतो, तू बघ. काही दिवस ते मनापासून निघतं, काही दिवस नुसतं ओठांवरून. दोन्ही दिवशी मनू आपली आंघोळ आटपून बाहेर येते आणि पोहे मागते.